गुरुदास लायनमनचं भय

"ओ, खाली उतरा! आदी खाली उतरा!"

सुविधा कळशी टाकून धावली. तिचा नवरा गुरुदास विहिरीच्या कठड्यावर उभा होता. एक पाय हवेत ठेवून, पुढं वाकून तो पंपाचा अडकलेला दोर सोडवत होता. खाली काळंभोर पाणी. तिनं मागून त्याचा शर्ट घट्ट धरला, तेव्हा त्यानं वळून पाहिलं, तेही अंगणात उभा असल्यासारखं सहज.

"इतको बोवाळ कित्याक करतंस गे?"

इब्रामपूरचा गुरुदास लग्नाआधीपासून वीज खात्यात लायनमन. लाईन बंद आहे असं साहेबांनी सांगितलं, तरी स्वतः तपासल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. जोडीदार त्याला 'भियेकुरो', भित्रा म्हणून चिडवायचे. यंदा गणपतीनंतर त्याला ताप आला आणि मेंदूला सूज चढली. बांबोळीच्या इस्पितळातून तो घरी परतला तेव्हा बोलणं, चालणं, माणसांची नावं, सगळं जाग्यावर होतं. एक गोष्ट तेवढी परत आली नाही.

"कानशिलांच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो," डॉक्टरांनी सुविधाला समजावलं होतं. "धोका दिसला की तोच छातीत धडधड उठवतो, हात मागे ओढतो. यांचे दोन्ही भाग सुजेत गेले. धोका त्यांना कळेल, पण भीती वाटणार नाही. उंचावरचं काम नकोच."

तेव्हापासून त्याच्या वाटणीची भीतीसुद्धा सुविधाच बाळगत होती. तो रस्ता ओलांडायला लागला की ती धावत जाऊन त्याचा दंड धरायची. आणि सोमवारी तर तो कामावर रुजू होणार होता.

"खांबार चडा नकात," ती पुन्हा पुन्हा सांगायची.

"नियम माका पाठ आसत," तो हसून म्हणायचा.

रविवारी तिघं कालव्याच्या बांधावरून घरी येत होती. त्यांची दुसरीतली लेक तनया पुढं होती. तिची चप्पल निसटून उतारावर गेली, तशी ती धरायला तनया बसून घसरत पाण्याकडे जाऊ लागली. गुरुदास तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो नुसता बघत राहिला. मागून सुविधानं झेप घेतली आणि पोरीला दंडाला धरून वर ओढलं.

"तुमका कायच वाटूक नाय?" ती किंचाळली.

"पाणी खोल आसा ता माका म्हायत होता. चेडू पडला तर मी उडी मारतलंय होतंय." तो थांबला. त्यानं छातीवर तळवा ठेवला. "पण हय काय हलूक नाय गे. आमचा तनया, आणि हय कायच हलूक नाय."

घरी आल्यावर तो जेवला नाही.

सोमवारी सुविधाला राहवेना. ती त्याच्या मागोमाग कार्यालयात गेली आणि खिडकीपाशी उभी राहिली.

"आलास? बरं झालं, माणसं कमीच आहेत," साहेब म्हणाले.

"साहेब, मी खांबार चडूचंय नाय."

"डॉक्टर नको म्हणाले?"

"ते म्हणालेच. पण तसा न्हय. तारेक हात लावच्या आदी माझो हात आपसूक थांबायचो. मगे मी परत तपासायचंय. आता तो थांबणा नाय. माझ्यावांगडा दुसऱ्याचोय जीव जायत."

खांबावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा त्यानं खांद्यावरून काढून टेबलावर ठेवला. सुविधाला हायसं वाटायला हवं होतं. त्याचा मोकळा खांदा पाहून तिला रडू आलं.

त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. पुढं एका दुपारी वारा सुटला. सुविधा डबा घेऊन आली, तर तो फोनवर बोलत होता.

"वायर पडल्या? खंय? पाणंदीर? हात लाव नकात."

दुसरा फोन उचलून त्यानं आधी लाईन बंद करून घेतली, माणसं पाठवली. मग पुन्हा पहिला कानाला लावला.

"बाये, भंय दिसता मां तुमका?" त्यानं विचारलं. "बरां आसा. तशीच लांब रवा. पोरांकाय धरून ठेवा. आमचे येतत."

पलीकडची बाई बोलतच होती. हवं ते सगळं त्याला कळलं होतं. तरी त्यानं फोन ठेवला नाही. डोळे मिटून तो तिचा कापरा आवाज ऐकत राहिला.