उणे तीन ते तीन

दुकानांच्या पाट्या रंगवायचा म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणत. बायको धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसायची. दोघांचीही शाळा लहानपणीच सुटलेली. लेक सासरी गेली तसं बायकोने डोक्यात घेतलं की राहिलेली दहावीची परीक्षा द्यायची, आणि एकटीने नाही.

"अहो, लोकांची नावं रंगवण्यात जन्म गेला. आता आपलं एकदा सर्टिफिकेटावर येऊ दे."

त्याने टाळाटाळ केली, पण तिच्यापुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. दोघं संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसू लागले. बाकीचे विषय सुटले. गणित तेवढं राहिलं, आणि ते राहिलेलं असतानाच ती गेली. साधा ताप होता. तो छातीत उतरला आणि बघता बघता घर रिकामं झालं.

लेक म्हणाली, "बाबा, आता नका जिवाला त्रास करून घेऊ. तुम्हाला कोण मार्क विचारणार आहे?"

"तुझी आई विचारायची."

तो पुन्हा वर्गाला जाऊ लागला. गणित सुटलं नाही तर तिने धरलेलं काम अर्धवट राहणार होतं, एवढंच त्याला कळत होतं.

वर्गसमीकरणांच्या आलेखाचं प्रकरण दोघांनी वाटून घेतलेलं होतं. हिशेब तिचा, हात त्याचा. ती उणे तीनपासून तीनपर्यंत सात आकडे घ्यायची आणि प्रत्येकाचं उत्तर तोंडी काढून सांगायची. तो आलेखाच्या कागदावर बिंदू टेकवायचा आणि म्हणायचा, "बसला."

"मग पुढचा घ्या."

सातही बसले की तो पट्टी न लावता एका दमात वक्ररेषा काढायचा. ती इतकी सुबक यायची की मॅडम कागद वर धरून सगळ्यांना दाखवायच्या. मागच्या बाकावरचा ड्रायव्हर म्हणायचा, "एकाचं डोकं, दुसऱ्याचा हात! परीक्षेत बाकं लांब लांब टाकतात हो वहिनी. तेव्हा काय करणार?"

"तेव्हा मी खोकून सांगेन," ती म्हणायची आणि वर्ग हसायचा.

आता बाकाची तिची बाजू मोकळी होती. मॅडम आलेखाच्या दुसऱ्या पद्धती शिकवू लागल्या, सूत्राने वळण काढायची, वर्ग पूर्ण करायची. पेंटरने तिकडे लक्षच दिलं नाही. "मला सात आकड्यांचा तक्ता येतो मॅडम. तेवढा पुरे."

सराव परीक्षेत प्रश्न आला: क्ष वर्ग उणे दहा क्ष अधिक एकवीस. त्याने उणे तीनपासून सुरुवात केली. तिला चुटकीसरशी जमायचं ते करताना त्याला घाम फुटला. पण त्याने नेटाने सातही काढले. साठ, पंचेचाळीस, बत्तीस, एकवीस, बारा, पाच, शून्य. बिंदू बसवले, रेषा काढली. ती वरून निघाली, उतरत उतरत आडव्या अक्षाला टेकली आणि तिथेच संपली.

मॅडमनी कागद त्याच्यापुढे ठेवला. "काका, हा वळला कुठे?"

"हा वळत नाही."

"वर्ग आहे म्हणजे वळणारच. तुम्ही वळणाच्या अलीकडेच थांबलात."

"आकडे तपासा. एक चुकला असेल तर सांगा."

"एकही चुकलेला नाही. पण तीनलाच का थांबलात?"

"ती तेवढेच घ्यायची," तो म्हणाला.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसल्या. बाकाच्या मोकळ्या बाजूला बसल्या नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. "सुरुवातीची गणितं सोपी होती. वळण शून्याच्या जवळच यायचं, म्हणून काकूंचं जमायचं. इथे ते लांब गेलंय."

"म्हणजे तिचं टाकून द्यायचं?"

"असं कुठे म्हटलं मी? आधी वळण शोधा एवढंच म्हणतेय. क्षच्या पुढे उणे दहा आहे. चिन्ह उलटं करा. वर्गाच्या पुढे एक आहे, त्याच्या दुपटीने भागा. किती?"

"पाच."

"वर्ग पूर्ण करून पाहिलं तरी क्ष उणे पाचचा वर्ग उणे चार येतं. म्हणजे वळण पाचवर, आणि खोली उणे चार. रेषा अक्षाला तीनवर आणि सातवर कापते. त्यांचा मध्य काढा."

"पाचच."

"कुठल्याही वाटेने गेलात तरी तिथेच पोहोचता."

त्याने मान हलवली, पण राग गेला नव्हता. कागदाची घडी खिशात कोंबून तो घरी आला.

सकाळी एका शिंप्याची पाटी लिहायची होती. पाटी टेबलावर आडवी टाकून त्याने नेहमीसारखी आधी मधोमध खडूची रेघ मारली. डावीकडून लिहीत सुटलं की शेवटच्या अक्षराला जागा उरत नाही, म्हणून मध्य आधी आणि अक्षरं दोन्ही अंगाला. ब्रश बुडवता बुडवता त्याचा हात थांबला. खिशातला कागद काढून त्याने पाटीवर उलगडला. ती शून्यालाच मध्य धरायची. मध्य सरकला होता आणि तो जुन्याच जागी उभा होता.

त्याने पाचवर उभी रेघ मारली. अलीकडे तीन, पलीकडे तीन. त्या रेघेपासून मोजलं तर तेही उणे तीन ते तीनच होतं.

शिंपी पाटी न्यायला आला तेव्हा पाटी कोरीच होती. "अहो पेंटर, माझं दुकान काय बिननावाचं चालवू?"

"दुपारी या," पेंटर म्हणाला. मान वर केली नाही.

परीक्षेत आलेखाचा प्रश्न आला: क्ष वर्ग उणे आठ क्ष अधिक बारा. त्याने चिन्ह उलटं केलं, दोनाने भागलं. चार. चारवर फिकट उभी रेघ मारली. म्हणजे एकपासून सातपर्यंत. एका बाजूचे काढले की दुसऱ्या बाजूचे तेच येतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. तरी त्याने सगळे काढले.

"एक. पाच," तो पुटपुटला. बिंदू टेकवला. "बसला. पुढचा. दोन. शून्य. बसला."

पहारा करणाऱ्या बाई जवळ आल्या. "काका, आवाज नको."

"बरं."

मग तो ओठ मिटून करत राहिला. उणे तीन, तळाला उणे चार, पुन्हा उणे तीन, शून्य. शेवटी सात, पाच. शेवटचा बिंदू बसला. पेन्सिल टेकवून तो क्षणभर तसाच थांबला. तिच्या आवाजाची वाट बघायची जुनी सवय होती. शेजारचं बाक लांब होतं आणि तिथे कोणी अनोळखी मुलगी खाली मान घालून लिहीत होती.

त्याने पेन्सिल उचलली, डावीकडच्या पहिल्या बिंदूवर ठेवली आणि श्वास धरून हात सोडला. रेषा खाली आली, चारपाशी वळली आणि वर गेली.