पेटीत मावणारा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक सडपातळ गेमिंग लॅपटॉप आहे. 'जुना' हा शब्द मला अजून लावून घ्यावासा वाटत नाही, कारण वयाने मी तुमच्या शाळेच्या दप्तराएवढाच असेन. पण आमच्या जातीला वर्षे म्हातारे करत नाहीत, ताप करतो. आणि मला ताप चढला तो पहिल्याच उन्हाळ्यात.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. पांढरे डगले आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडले. धातूचे चकचकीत अंग, बोटाएवढीही जाडी नाही, आणि पोटात पापडासारखे पातळ दोन पंखे. शिवाय खेळातली चित्रे भराभर रंगवणारी एक मोठी चिप. ही चिप फार खादाड असते. ती वीज खाते आणि उष्णता ओकते. जाड लॅपटॉपमध्ये तिला पोटभर वीज मिळते, कारण तिथे उष्णता बाहेर घालवायला जागा असते. माझ्यात तेवढी जागा नव्हती, म्हणून मला घडवणाऱ्यांनी तिचा खुराक निम्म्यावर आणला. खोक्यावर नाव मात्र तेच छापले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरे काय! हे नाव मी काही मागून घेतले नव्हते.

चंडीगडच्या सेक्टर २२ मधल्या एका दुकानात मला काचेच्या फळीवर मांडले. शेजारी एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. त्याच्या पाठीला मोठमोठ्या जाळ्या होत्या, आणि चार्जर म्हणाल तर वीटच. मी त्याला मनातल्या मनात 'पाटा' म्हणत असे. गिऱ्हाईक आले की आधी मला उचलायचे आणि म्हणायचे, "कितना हल्का है जी!" पाट्याला कोणी हात लावला तरी लगेच खाली ठेवायचे. मला त्याची गंमत वाटायची.

एका रविवारी चंडीमंदिरच्या छावणीतून एक मराठी कुटुंब दुकानात आले. लेफ्टनंट कर्नल रघुवीर जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे. सोबत त्यांच्या पत्नी अहिल्याबाई आणि अकरावीतली मुलगी क्षितिजा. लॅपटॉप हवा होता तो क्षितिजाला, आणि तो का हवा होता हे तुम्हाला आधी सांगायला हवे.

फौजेतल्या मुलांचे एक दुखणे असते. वडिलांची बदली झाली की जिवाभावाची मैत्रीण मागे राहते आणि नव्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्षितिजाच्या कितीतरी मैत्रिणी अशा सुटल्या होत्या. चौघींना मात्र तिने घट्ट धरून ठेवले होते. त्याही फौजींच्याच मुली. कोणी जोधपूरला, कोणी तेजपूरला, आणि सगळ्यांत जिवलग ओजस्विनी पुण्यात खडकीला. या पाचजणी रोज संध्याकाळी एका ऑनलाइन खेळात भेटत. पाच जणींचा एक संघ. कानाला हेडफोन लावून खेळायच्या थोडे आणि बडबडायच्या फार. बदल्या करणाऱ्यांना मोडता आले नाही असे क्षितिजाचे ते एकच घर होते. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळाची नवी आवृत्ती चालेना, आणि उन्हाळ्यात शाळकरी संघांची मोठी स्पर्धा होती. संघात राहायचे तर चांगला लॅपटॉप हवाच होता.

क्षितिजाने सरळ पाट्याकडे बोट दाखवले.

"बाबा, वो वाला. मैंने सब पढ़ा है. गरम नहीं होता."

रघुवीरांनी पाट्याला उचलले, मग मला उचलले आणि खिशातून मोजपट्टी काढली. लॅपटॉप घ्यायला मोजपट्टी घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण फौजी घरात वस्तू घेताना आधी बदलीचा विचार होतो. पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेल्या काळ्या लोखंडी पेट्यांत सगळा संसार भरायचा असतो आणि प्रत्येक वस्तूची पेटीतली जागा ठरलेली असते. अहिल्याबाईंनी पुस्तकांच्या पेटीत, वरच्या थराच्या आणि झाकणाच्या मध्ये, एक फट राखून ठेवली होती. तिथे मावेल तोच लॅपटॉप घ्यायचा, असे घरून निघतानाच ठरले होते.

"बाळ, हे धूड पेटीत जायचं नाही," रघुवीर म्हणाले. "उद्या पोस्टिंग आलं की कोंबायचं कुठं?"

"पेटी में रखके थोड़ी खेलूँगी, बाबा! सफ़र में मैं बैग में ले जाऊँगी."

"बॅगेत? जोधपूरहून येताना बॅगेतला कॅमेरा गेला, विसरलीस?"

अहिल्याबाईंनी माझ्या अंगावरून हात फिरवला. "आणि हा कसा देखणा आहे बघ की! चार माणसांत टेबलावर शोभंल तरी. तो दुसरा म्हणजे निव्वळ इस्त्री गं."

"मॅडम जी, अंदर कार्ड, यानी चिप, दोनों में एक ही है," दुकानदार हसत म्हणाला. "ये बस पतला है. पक्का."

क्षितिजा पाट्याकडे पाहत राहिली. पण वडिलांचा शब्द त्या घरात शेवटचा असे. मला खोक्यात भरले तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली होती. ज्या कामासाठी मला नेत होते त्यातले मला काय जमते हे एकाही माणसाने विचारले नाही.

पहिले महिने सुखाचे गेले. तो हिवाळा होता. चंडीमंदिरात दुपारपर्यंत धुके उठत नसे आणि खोलीत हाताची बोटे आखडत. त्या गारठ्यात मी शेर होतो. क्षितिजाने बटण दाबले की खेळातली तिची बाहुली धावायची, तिने नेम धरला की गोळी अचूक लागायची. पलीकडून ओजस्विनी ओरडायची, "क्षितू, काय सुटलीयस गं आज!" आणि क्षितिजा हसायची. तिचे ते हसणे मी फार जवळून ऐकले आहे. अहिल्याबाईंनी माझ्यासाठी मखमली कापडाची, आत कापूस भरलेली झूल शिवली. पाहुणे आले की मला दाखवत. कौतुक कोणाला नको असते?

पण याच कौतुकात माझे हाल सुरू झाले. क्षितिजा पलंगावर रजईत पाय खुपसून बसायची आणि मला रजईवर ठेवायची. माझ्या नाकपुड्या पोटाखाली आहेत, मित्रांनो. रजईत त्या बंद व्हायच्या. झुलीतला आणि रजईतला कापूस तंतू-तंतू करून माझ्या पंख्यांत जाऊन बसला. थंडी होती म्हणून मी कसाबसा श्वास घेत राहिलो.

मग उन्हाळा आला. लू नावाचा भाजणारा वारा सुटला, भिंती तापल्या. क्षितिजाच्या खोलीत कूलर होता, तो दमट वारा फेकायचा. खेळ सुरू झाला की थोड्याच वेळात माझे अंग भाजू लागायचे. चिप फार तापली की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी काम कमी करते. तिचा तो स्वभावच आहे. मग चित्र अडखळते, बटण आता दाबावे तर बाहुली मागाहून हलते.

"क्षितू, कुठं होतीस? मी दारात मेले की!"

"लॅग हो गया यार, सॉरी."

आधी सगळ्या हसायच्या. मग हसणे कमी झाले. त्यानंतर कोणी काही विचारीनासे झाले.

घरच्यांनी उपाय केले नाहीत असे मी म्हणणार नाही. अहिल्याबाईंनी झूल काढून फेकली आणि पालथी परात आणून तिच्यावर मला बसवले. रघुवीरांनी पंख्यांचा एक स्टँड आणला. दुकानात नेऊन मला उघडून साफही करून घेतले. कापसाची केवढी तरी वात निघाली. त्याने थोडे दिवस बरे गेले. पुन्हा तक्रार घेऊन गेले तेव्हा ज्याने मला 'पक्का' म्हणून विकले तोच दुकानदार खांदे उडवून म्हणाला, "साब जी, पतले में इतना ही होता है."

स्पर्धेचा दिवस शनिवार होता. भर जूनची दुपार. क्षितिजाने पडदे ओढले, कूलर माझ्याकडे वळवला, परातीखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. त्या दिवशी ती फार सुंदर खेळली. बरोबरी झाली आणि शेवटच्या डावात तिच्या चौघी मैत्रिणी एकेक करून बाद झाल्या. क्षितिजा एकटी उरली, समोर विरुद्ध संघाची एकच मुलगी. हेडफोनमध्ये चौघी श्वास रोखून होत्या.

"क्षितू, डावीकडे. सावकाश," ओजस्विनी कुजबुजली.

मी जिवाच्या आकांताने पंखे फिरवत होतो. सगळी सोंगे आणता येतात, ताकदीचे सोंग आणता येत नाही. क्षितिजा वळली, तिने नेम धरला, आणि त्याच वेळी चित्र माझ्या पडद्यावर थिजले. ते सुटले तेव्हा तिची बाहुली जमिनीवर पडलेली होती.

हेडफोनमध्ये तेजपूरची मुलगी म्हणाली, "कोई बात नहीं." एखादी जरी रागावली असती तरी बरे झाले असते.

हरलेल्या संघांना आणखी एक संधी होती. दोन दिवसांनी ओजस्विनीचा फोन आला. तिचा आवाज अवघडलेला होता.

"क्षितू, रागावू नको हं. पुढच्या मॅचला मधुरिमाला घेऊ का? माझ्या वर्गातली. तिचा सेटप चांगलाय. फक्त स्पर्धेपुरतं. तू राखीव राहा ना."

"हाँ हाँ, पागल! इसमें पूछना क्या?" क्षितिजा हसत म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने माझे झाकण मिटले.

त्यानंतर मधुरिमाच्या सोयीने सरावाची वेळ बदलली. क्षितिजा सराव बघायला यायची. दुसऱ्यांचा खेळ नुसता बघायला फारशी ताकद लागत नाही, तेवढे मला जमत होते. त्या चौघी आणि मधुरिमा बडबडायच्या, तिला ठाऊक नसलेल्या कशावर तरी खिदळायच्या. क्षितिजाही उशिराने थोडी हसायची. एकदा तिने मध्येच काहीतरी लिहिले. त्यावर उत्तर दुसऱ्या दिवशी आले, तेही नुसते अंगठ्याचे एक चित्र. मग तिने तिथे जाणेच सोडले.

"खेळ बंद का गं केलास?" अहिल्याबाईंनी विचारले.

"बारावी है आई. पढ़ना है."

"शहाणी झाली हो माझी पोर," असे म्हणून अहिल्याबाईंनी समाधानाने तिच्या केसांवरून हात फिरवला. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण आमच्याकडून फक्त पंख्यांचा आवाज निघतो.

क्षितिजा शाळेतून येई, जेवे, भिंतीकडे तोंड करून पडे. नव्या शाळेत तिने कोणाशी मैत्री केली नाही. पुढच्या बदलीला ती सुटणारच, मग कशाला, असे ती एकदा आरशासमोर स्वतःशीच म्हणाली. तापून तापून माझी बॅटरी फुगली आणि टचपॅड वर उचलला गेला, तरी तिने कोणाला सांगितले नाही. धूळ झटकताना ते अहिल्याबाईंना दिसले. रघुवीरांनी बॅटरी काढवून टाकली. आता मी वायरीला बांधलेला आहे, आणि वायर निसटली की तिथल्या तिथे डोळे मिटतो.

मग एके दिवशी ओजस्विनीच्या वडिलांनी रघुवीरांना फोन केला. त्यांची लेक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. "तुमची क्षितिजा का नाही खेळली?" त्यांनी सहज विचारले. ती माझ्यामुळेच संघाबाहेर राहिली, हे रघुवीरांच्या आत्ता लक्षात आले. त्यांनी अहिल्याबाईंना हाक मारली आणि दोघे हळू आवाजात बोलत बसले. तासाभराने ते एकटेच गाडी काढून सेक्टर २२ ला गेले.

त्यांनी पाट्याचाच जातभाई आणला. वरातीमागून घोडे. तो त्यांनी क्षितिजाच्या टेबलावर ठेवला.

"घे बाळ. माझंच चुकलं. पेटीचं बघू, नवीन करून घेऊ."

क्षितिजाने त्या जाड लॅपटॉपच्या जाळ्यांवरून बोट फिरवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"थँक यू, बाबा," ती म्हणाली. "लेकिन अब खेलूँ किसके साथ?"

रघुवीर पलंगाच्या कडेला टेकले. दारात उभ्या अहिल्याबाई पदराने डोळे पुसत होत्या.

मी आता रघुवीरांच्या टेबलावर असतो. रेल्वेची तिकिटे काढतो, पत्रे छापतो. अजूनही येणारे-जाणारे मला उचलून म्हणतात, किती हलका! मला त्याचा आता उबग आला आहे.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे घरी आणाल तेव्हा आम्हाला गादीवर आणि रजईवर ठेवू नका, आमच्या पंख्यांतली धूळ वेळच्या वेळी काढा. आणि विकत घेताना आमची जाडी मोजण्याआधी, ज्याला आमच्यासोबत बसायचे आहे त्याचे म्हणणे ऐका. आणखी एक मागणे आहे. तुमच्या एखाद्या सोबत्याचे यंत्र मागे पडले, त्याच्यामुळे तुम्ही हरू लागलात, तर त्याची जागा दुसऱ्याला देण्याची घाई करू नका. एखादा डाव त्याच्यासोबत हरून बघा.