धनसिंगचा रोवणा

"एका दिवसानं काय बिघडते गा गुरुजी? अथी धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले अन् तुमी शाळा शाळा करून राहिले!" धनसिंग बांधावरूनच ओरडला.

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट. पावसानं दडी मारली अन् मग एकदम धो धो पडला. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, साऱ्यांनी मिळून करायचा. आज सारा गाव पोराबाळांसकट याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या त्याच्या. ज्यानं पाळी सोडली तो मागं पडला. गुरुवारी पाळी धनसिंगची, अन् गुरुवारीच गोंदियाहून डिप्टी साहेब शाळा तपासायला येणार.

ईश्वरदास गुरुजींनी हात जोडले. "पोरं दिसली नाहीत तर शाळा दुसऱ्या गावाला जाईल. तुमची पोरगी सत्यभामा साऱ्यांत हुशार. तिच्यासाठी तरी पाळी बदला."

"माह्यासंग बदल गा," शेजारचा जंगलू म्हणाला. "माही शुक्रवारची हाये. गुरुवारी मी पोट्ट्यांबिगर रोवतो."

"मांगल्या साली पाळी सोडून मी मांगं राहिलो तं कोन हासत होता? तूच ना! नाई बदलत. सारे पोट्टे माह्या बांधीत पायजेत."

असा हेका! गुरुवारी सारी पोरं चिखलात पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकत होती. सत्यभामा तेवढी दिसेना.

"मीनंच धाडलं तिले शाळेत," बायको जमुना रोवता रोवता म्हणाली. वर पाहिलंही नाही तिनं.

दुपार कलल्यावर पोरगी आली.

"आला होता साहेब?" धनसिंगनं विचारलं.

"आला होता. धडा वाचाले लावला. मी सारा वाचला बाबा, कुठीच नाई अटकली. शाबास म्हणे."

"मंग?"

"मंग गुरुजीले म्हणे, एका पोरीसाठी सरकार शाळा नाई चालवत. बंद करा."

 शाळा धनसिंगनं बंद पाडली होती, दुसऱ्या कोणी नाही. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"रोवणा मस्त झाला गा तुहा," पलीकडून जंगलू म्हणाला. मनात वाकडं काही नव्हतं त्याच्या, पण धनसिंगला मान वर करवेना.

सत्यभामानं लुगडं खोचलं अन् चिखलात उतरली. "पेंढ्या कोनत्या बांधीत टाकू?"

"राहू दे वं माय. घरी जाय. रडाचं असन तं रड, मले शिव्या दे."

"शिव्या कायले देऊ?" पोरगी पेंढी उचलत म्हणाली. "सांगा ना बाबा, कोनती बांधी? आता मले रोज अथीच यायचं हाये."

धनसिंगनं बोटानं बांधी दाखवली.