कोंबड्याची सावली

आमच्या तोर्रेसेका गावात घड्याळं पुष्कळ आहेत, पण पाटाचं पाणी घड्याळाला विचारत नाही. दुपार कलली की चर्चच्या मनोऱ्याची सावली जुन्या खळ्यावरून पुढे सरकते. तिचं टोक पाण्याच्या धोंड्याला लागलं की वरच्या मळ्याची पाळी संपते, खालच्याची सुरू होते. मूरांच्या, म्हणजे इथे अरबांचं राज्य होतं नि हा मनोरा मशिदीचा होता, त्या काळापासून हेच चाललंय. वरचा मळा माझा, घेवड्याचा. खालचा एल्पिदियो मास्तरांचा, मिरच्यांचा.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि नगरपालिकेनं त्यांना गावचा इतिहासकार नेमलं. पगार नाही, नुसता मान. आणि रिकाम्या माणसाला मान मिळाला की त्याला काहीतरी उकरावंसं वाटतं. मनोऱ्यावर एके काळी वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा होता, असं त्यांनी जुन्या कागदांतून शोधून काढलं. झालं! वसंतात नवा कोंबडा बसला, दांड्यासकट चांगला पुरुषभर उंच. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या.

जूनच्या पहिल्या पाळीला माझे डोळे उघडले. कोंबड्याच्या तुऱ्याची सावली धोंड्याला पाव तास आधीच लागली. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या सातुर्निनो पाटकऱ्यानं पाटावरचं माझ्या मळ्याचं दार पाडून पाणी बंद केलं आणि घेवड्याच्या शेवटच्या चार ओळी कोरड्या राहिल्या. त्या ओळी बियाण्याच्या. नवऱ्याच्या घरचं हे टपोरं पांढरं बी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. तो गेल्यापासून बारा वर्षं मी ते एकटीनं जपलंय. त्या ओळी वाळल्या की बी संपलं, कायमचं.

मी तडक मास्तरांकडे गेले.

"मास्तर, तुमचा कोंबडा माझं पाणी पितोय."

"अगं फेलिसा, तो वारसा आहे. वारशापुढे पाव तासाचं काय घेऊन बसलीस?"

"मग धोंडा तेवढा पुढे सरकवा."

"पूर्वजांनी रोवलेला धोंडा?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "पुरावा आण, आजच हलवतो."

पुरावा हवा होय? बरं. तोवर त्या चार ओळी मी घरून घागरी वाहून कशाबशा जगवल्या.

जुलैत जेवणानंतर आमच्याकडे कुत्रंसुद्धा जागं नसतं. अशा दुपारी मी कुदळ घेऊन खळ्यावर गेले. धोंड्याच्या पलीकडे चार पावलं पुरली असती, पण रागाच्या भरात मी आठ मोजली. धोंडा बसेल एवढा खड्डा खणला, कडेनं दगड लावले, परसातला जुना चुना ओतला. वर सासूबाईंच्या फुटक्या मूत्रपात्राचा एक तुकडा टाकला आणि माती लोटली. त्याला दोन आठवडे ऊन खाऊ दिलं.

मग मास्तरांना म्हटलं, "खळ्यावर माझा पाय रुतला हो. खाली काहीतरी जुनं बांधकाम आहे. तुमच्यासारख्या जाणत्यानं बघायला हवं."

मास्तर झोप टाकून सपातांवर धावत आले. गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरली आणि तो तुकडा उन्हात धरला.

"मूरांचा! झिलई बघ, फेलिसा, झिलई!"

मी बघितली. त्या झिलईवर सासूबाई चाळीस वर्षं बसल्या होत्या.

"ही धोंड्याची मूळ जागा!" मास्तर गुडघे झटकत उठले. "कोंबडा पडल्यावर सावली आखूड झाली, म्हणून लोकांनी धोंडा अलीकडे आणला असणार. सगळं जुळतंय गं!"

पंधरा दिवसांनी धोंडा त्या खड्ड्यात बसवायचा समारंभ झाला. महापौर आले, पाद्रीबाबांनी धोंड्यावर पवित्र पाणी शिंपडलं, सारं गाव खुर्च्या घेऊन खळ्यावर जमलं. मास्तर बोलत होते आणि सावली जुन्या जागेवरून बिनदिक्कत पुढे गेली. माझं दार उघडंच होतं. चारही ओळी पोटभर प्यायल्या. खाली मास्तरांच्या मिरच्या माना टाकून उभ्या होत्या. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले.

"खड्डा तू खणलास."

"मी? या वयात?"

"त्या चुन्याला तुझ्या भिंतीचा निळा रंग होता, फेलिसा. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. "चाळीस वर्षं या गावाला इतिहास शिकवला. कुणी एक प्रश्न विचारला नाही. आज सगळे ऐकत होते. वाळल्या मिरच्या, तर वाळू देत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका वेळ जिंकल्याचा जो तोरा होता, तो पार उतरला.

पुढच्या पाळीला मी सावलीवर डोळा ठेवून बसले. ती धोंड्याच्या अलीकडे, मी जास्तीच्या मोजलेल्या चार पावलांवर आली तशी उठले आणि माझं दार स्वतःच्या हातानं पाडलं.

"अहो फेलिसाबाई!" सातुर्निनो बांधावरून ओरडला. "सावली कुठे लागलीय अजून?"

"तुला दिसत नसेल. मला दिसते," मी म्हटलं आणि पाणी मिरच्यांकडे सोडलं.