गिअरबॉक्स उघडू नकोस

अठरा वर्षं लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासून तिला एक सवय जडली होती. एकदा आलेल्या आकड्यावर तिचा विश्वास बसत नसे. पेट्रोल पंपवाला माप मारतो, दूधवाला पिशवी बदलतो, असं तिला अधूनमधून वाटायचं, आणि दहातल्या तीन वेळा ते खरंही निघायचं.

रोज सकाळी सहा ते नऊ ती पेशंटच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. मग गाडी घराखाली लावून चालत लॅबला जायची, ती थेट संध्याकाळी परतायची. एका सकाळी नमुन्यांचा थंड डबा मागच्या सीटवर ठेवून तिने गाडी मागे घ्यायला दांडा ‘आर’वर आणला. इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलली नाही. पुढचा गिअर टाकला तेव्हा बऱ्याच वेळाने, एक गचका देऊन, गाडी कशीबशी निघाली.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या माणसाने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, पूर्ण नवा बसवावा लागेल, असं सांगितलं. तिने विचारलं, उघडून पाहिलात का? तो हसून म्हणाला की आम्ही उघडत नाही, बदलतो. ते हसणं तिला आवडलं नाही. न तपासता रिपोर्ट देणाऱ्याला तिच्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

मोठ्या रस्त्यामागच्या एका शेडमध्ये फक्त गिअरबॉक्सचंच काम करणारा एक माणूस होता. सगळे त्याला गिअरवाले म्हणायचे. त्याने गिअरबॉक्समधली तेल तपासायची पट्टी बाहेर काढली, तेल पांढऱ्या फडक्यावर पुसलं आणि फडकं तिच्यापुढे धरलं. तेल काळं होतं, जळका वास येत होता.

“आतल्या प्लेटा जळल्या असाव्यात,” तो म्हणाला. “तसं असेल तर त्या बदलून हाच गिअरबॉक्स पुन्हा बांधता येईल. पण उघडल्याशिवाय शब्द देत नाही.”

हा माणूसही तिला सरळ वाटला नाही. धाकट्या भावाने तर फोनवर तिला आणखीच घाबरवलं. असले लोक चांगले भाग काढून घेतात आणि भंगारातले बसवतात, आपल्याला पत्ताही लागत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणजे एक जण उघडायलाच तयार नाही आणि दुसऱ्याचे हात उघडायला शिवशिवतायत. खोटं कोण बोलतंय, हे तिला ठरवता येईना.

घरी आप्पा होते, तिचे वडील. चौतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. डोळे अधू झाले तसं लायसन्स पुन्हा काढलं नाही, आणि आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले. वस्तू टाकून द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. चष्म्याची काडी त्यांनी तीनदा जोडून घेतली होती, आणि छत्रीत मूळची अशी फक्त मूठच उरली होती. ते काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने जेवताना सहज विषय काढला.

“नवाच बसव,” आप्पा म्हणाले. “उघडायच्या फंदात पडू नकोस.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण आप्पा बोलतच राहिले. एकदा उघडलेली वस्तू पहिल्यासारखी होत नाही. त्या शेडवाल्यांचा काही भरवसा नाही. हवं तर माझी ठेव मोडू. भावाला हे कळलं तेव्हा तो खूश झाला, आप्पांना अखेर व्यवहार कळायला लागला म्हणाला. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दोनदा विचारलं, उघडला तर नाहीस ना? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने ठरवलं, उघडायचाच, पण आपल्या डोळ्यांदेखत. सुट्टी टाकून ती सकाळीच शेडमध्ये जाऊन बसली. गिअरबॉक्स गाडीखालून उतरल्यावर लॅबच्या मार्करने तिने त्यावर तीन ठिकाणी बारीक खुणा केल्या. गिअरवाले बघत होते. तिला वाटलं आता चिडतील. त्यांनी खिशातून एक टोकदार खिळा काढून दिला.

“मार्कर तेलात टिकत नाही,” ते म्हणाले. “याने ओरखडा. आतले भाग काढतो, त्यांच्यावरही करा.”

ती थोडी ओशाळली, पण खुणा केल्याच. अकरा वाजेपर्यंत सगळे भाग टेबलावर ओळीने मांडले गेले. बहुतेक प्लेटा ठीक होत्या. एका गठ्ठ्यातल्या मात्र कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या, आणि मधल्या पोलादी चकत्यांवर उष्णतेने निळसर डाग आले होते. गिअरवाल्यांनी त्यातली एक उचलून बराच वेळ पाहिली.

“ताई, गाडी आणखी कोण चालवतं?”

“कोणीच नाही. मी एकटी.”

“मग तुम्ही दोन्ही पायांनी चालवता का? डावा ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, दोन्ही एकदम?”

हा आता माझ्यावर ढकलतोय, तिला वाटलं. तसं तिने स्पष्ट विचारलंही, हमी द्यायची नाही म्हणून हे चाललंय का? गिअरवाले शांतपणे म्हणाले की हमी ते वर्षभराची लिहून देतील. पण गाडी अशीच चालवली तर नव्या कोऱ्या गिअरबॉक्सचीही हीच गत होईल, म्हणून विचारलं.

“क्लचच्या गाडीवर ज्यांचं आयुष्य गेलंय ना, त्यांचं असं होतं,” ते प्लेट पुसत म्हणाले. “डावा पाय नुसता ठेवणं त्यांना जमतच नाही.”

ती बसने घरी निघाली. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळा वेळ ती त्याचा डावा पाय बघत होती. थांबा आला की पाय खाली, थांबा सुटला की वर. पेट्रोल लवकर संपतंय म्हणून पंपवाल्याशी केलेलं भांडण तिला आठवलं. जादाची किल्ली कपाटात कधी उजव्या खणात असायची, कधी डाव्या. आणि आप्पांची दुपारची चादर हल्ली घडी न मोडता तशीच असायची, तरी संध्याकाळी ते ताजेतवाने दिसायचे.

घरी आप्पा पेपर डोळ्यांशी धरून वाचत होते. तिने चप्पल काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आज उघडला.”

पेपर खाली आला. “काय निघालं?”

“डावा पाय निघाला, आप्पा.”

त्यांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं. बावीस वर्षं त्यांच्या बसवर एकच कंडक्टर होता. सगळा डेपो त्याला मास्तर म्हणायचा. खुब्याचं हाड मोडल्यापासून मास्तर खोलीबाहेर पडला नव्हता, भिंतीशी बोलायला लागला होता. आप्पांनी एका दुपारी त्याला मागच्या सीटवर बसवून जुन्या मार्गावर नेलं, बाजारापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. मग हे आठवड्यातून दोनदा, तीनदा होऊ लागलं. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबायची. मास्तर नाण्याने काचेवर टकटक करायचा, मग निघायची. टाकीचा शेवटचा थांबा चढावर होता. तिथे ते दोन्ही पायांनी गाडी धरून ठेवायचे, दहा-दहा मिनिटं, गप्पा संपेपर्यंत.

“आणि मध्ये कोणी आडवं आलं असतं तर?” तिने विचारलं. “तुम्हाला समोरची पाटी वाचता येत नाही.”

“म्हणूनच सांगायची हिंमत झाली नाही.”

तिने हात पुढे केला. आप्पांनी जादाची किल्ली सदऱ्याच्या खिशातून काढून दिली. म्हणजे गाडी शेडमध्ये पडून असतानाही ती त्यांच्याच खिशात होती. तिला रागही आला आणि भरूनही आलं.

सकाळी तिने गिअरवाल्यांना फोन करून खरं सांगितलं आणि पुन्हा बांधायलाच सांगितलं. सहाव्या दिवशी गिअरबॉक्स बंद करायच्या वेळी ती आप्पांना घेऊन गेली. नव्या प्लेटा सोडून प्रत्येक भागावर तिने आपली खूण शोधली आणि ती सापडली. गिअरवाल्यांनी आप्पांना एक शब्दही सुनावला नाही. कुठल्या बसवर होतात, एवढंच विचारलं, आणि मग तासभर दोघं जुन्या इंजिनांबद्दल बोलत बसले.

गाडी लोण्यासारखी चालू लागली, तरी महिनाभर ती प्रत्येक गिअरला कान टवकारायची आणि दर रविवारी तेल पांढऱ्या फडक्यावर पुसून बघायची. ते नव्या तेलासारखं लालच राहिलं. आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मात्र साफ नकार दिला, आणि आप्पांनी तो मुकाट्याने ऐकला.

मग एका दुपारी तिने स्वतःच विचारलं, मास्तरांना कधी न्यायचं? त्यांच्या दारात तिने गाडी उभी केली. दोघांनी मिळून मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं, वॉकर डिकीत टाकला. ती स्टिअरिंगवर बसली तसं मास्तरांनी आप्पांकडे संशयाने पाहिलं, मग तिच्यापुढे हात पसरून लायसन्स मागितलं. ते त्यांनी उलटसुलट पाहिलं, फोटो तिच्या चेहऱ्याशी दोनदा ताडून बघितला आणि परत केलं.

“चालेल,” ते म्हणाले. “पण थांबे चुकवायचे नाहीत.”