माझ्या पोटातला फोम

मी एक जुना, लाल, डाव्या हाताचा बॉक्सिंगचा ग्लोव्ह आहे. मित्रांनो, माझ्याकडे गोड आठवणी मागू नका. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडावर आदळलो आहे. कुणाचे नाक फुटले की ते ओलसर रक्त आधी मला लागते, तुम्हाला मागाहून दिसते.

कारखान्यात माझ्या पोटात फोमचे तीन थर भरले, वरून कातडे ताणून बसवले आणि उजव्या भावाशी नाडीने बांधून मला एका बॉक्सिंगच्या हॉलवर पाठवले. पहिल्याच दिवशी मी एकाचा दात पाडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडले.

माझी शिवण उसवली की मला गल्लीच्या टोकाच्या दुकानात नेत. तिथला कारागीर गाड्यांच्या सीटा शिवायचा. हॉलचे ग्लोव्हज तो फुकट शिवून द्यायचा, कारण त्याची मुलगी तिथे शिकत होती. तिला सगळे पिटुकली म्हणत. अंगाने एवढीशी, डावखुरी, आणि मार खाऊनही दात काढणारी. शेवटचा टाका घालून झाला की तिचा बाप धाग्याला दुहेरी गाठ मारायचा आणि माझ्यावरून एकदा तळहात फिरवायचा. तेवढ्या मायेने मला कुणी हात लावला नाही.

पिटुकलीची जोडीदार होती लंबू. दोघी रोज एकमेकींना बदडून काढायच्या आणि मग एकाच बाटलीतले पाणी प्यायच्या. दोघींचे मार्क जेमतेम. मार्कांच्या जोरावर त्यांना कॉलेजच्या फाटकातही कुणी उभे केले नसते. पण एका मोठ्या कॉलेजात खेळाडू मुलीसाठी एक जागा होती. शिक्षण, राहणे, जेवण, सगळे कॉलेजचे. निवड करणारे सर आठवडाभर आधी हॉल बघायला आले आणि जाताना म्हणाले, "गुणबिण मी मोजत बसत नाही. जिच्या ठोशाने समोरची खाली बसेल, ती पोरगी माझी."

पिटुकलीच्या बापाने ते ऐकले आणि त्याच्या डोक्यात भलतेच शिरले.

दुसऱ्या दिवशी काही उसवलेले नसताना त्याने मला दुकानात नेले. माझे पोट फाडले. बोटांच्या सांध्यांवरचे दोन थर ओढून काढले आणि मनगटाकडे कोंबले. वजन तेवढेच राहिले, पण पुढे उरले नुसते कातडे. पिटुकली नेहमी रिंगच्या लाल कोपऱ्यातूनच लढायची आणि त्या कोपऱ्याला लाल ग्लोव्हज, म्हणजे मी तिच्याच हातात जाणार, यात त्याला शंका नव्हती. गाठ मारताना तो पुटपुटला, "एकदाच गं, पोरी. एकदा आत गेलीस की सुटलीस."

निवडीच्या दिवशी सरांनी खिशातून नाणे काढले. "कोपरा नाण्यावर ठरेल. माझी पद्धत आहे."

लाल कोपरा लंबूला मिळाला.

बाप दोरांना धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एक शब्द बोलला असता तर तिथेच सगळे थांबले असते. पण पिटुकलीचे नाव कायमचे कटले असते. तो बोलला नाही.

घंटा झाली. लंबूचा लांबलचक डावा हात सुटला आणि मी पिटुकलीच्या भुवईवर बसलो. भुवई उभी चिरली. पुन्हा गेलो, ओठ फाटला. तिसऱ्यांदा नाकाचे हाड माझ्याखाली सरकले. मला थांबता येत नव्हते. ग्लोव्हला कुठे थांबता येते? दुसऱ्या फेरीत मी जबड्यावर पडलो, कडकन आवाज झाला आणि ती गुडघ्यांवर आली. सर उठून म्हणाले, "वा!" पिटुकली दोर धरून उभी राहिली, थुंकली आणि पुन्हा मुठी वर केल्या. बाप तिच्याकडे बघत होता आणि स्वतःची बोटे चावत होता.

थांबली ती लंबू. जिंकत असताना तिने हात खाली टाकला. "सर, बघा ना, माझीच हाडं दुखतायत. ह्यात काहीच नाहीये."

सरांनी अंगठ्याने मला दाबले. अंगठा सरळ आत गेला. "कोणी शिवलाय हा?"

पिटुकलीने आपले ग्लोव्हज उतरवून मला हातात घेतले, शिवण उलगडून पाहिली. तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता, शब्द नीट फुटत नव्हते.

"गाठ... बाबांची आहे."

जागा लंबूला मिळाली. पिटुकलीचा जबडा तारेने बांधला, तो वाकडाच जुळला. डॉक्टरांनी तिला रिंगमध्ये उतरायला कायमची मनाई केली. आता ती बापाच्या दुकानात बसते. मी तिथेच खिळ्याला टांगलेला आहे, पोट उघडे, धूळ खात. लंबूने सांगितले म्हणून हॉलवाले अजूनही ग्लोव्हज त्याच दुकानात पाठवतात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे माझ्यासारख्यांनी सांगायचे असते. माझी काळजी तर त्या माणसाने पोरीइतकी घेतली होती. म्हणून मी एवढेच सांगतो, कुणाच्या अंगावर हात टाकायला निघाल तेव्हा ग्लोव्ह आधी दाबून बघा.

शिवलेला ग्लोव्ह बाप समोर ठेवतो, तेव्हा पिटुकली वाकड्या तोंडाने रोज तेच म्हणते, "बाबा, आधी घालून बघा." बाप तो हातात चढवतो, डोळे मिटतो आणि सगळा जोर लावून स्वतःच्या जबड्यावर मारतो. मगच ती ग्लोव्ह पिशवीत भरते.