गुरुवारची अर्धी बैठक

आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी सकाळी आठला हृदयाच्या डॉक्टरांची बैठक भरते. जगात कुठेतरी हृदयाच्या औषधांवर नवीन काही छापून येतं, ते एक डॉक्टर वाचून येतो आणि बाकीच्यांना भिंतीवरच्या पडद्यावर दाखवून समजावतो. मग बाकीचे त्याला उभा-आडवा धुतात. मी तिथली मावशी. खुर्च्या मांडायच्या, टेबलं पुसायची आणि साडेआठला खाली जाऊन चहा आणायचा. एकोणीस वर्षं हेच केलं.

पहिली कितीतरी वर्षं पडद्यावर काय लिहिलंय ते मला कळायचं नाही. मी अंगठाबहाद्दर. आणि आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे! जन्मभर अक्षरं रंगवून पोट भरलं आणि घरात बायकोला अक्षर येईना. बावन्नाव्या वर्षी मीच हट्ट धरला. ह्यांनी जुन्या पत्र्यावर खडूने काढून दिली, आधी आपली अक्षरं, मग इंग्रजी. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," हे म्हणायचे, "आता वात जरा वर करू."

चार वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. शिडीवरून उतरले आणि पाटीखालीच बसले. वाचले. तेव्हापासून रोज पाच गोळ्या. सात कप्प्यांचा डबा मी भरते, हे घेतात.

त्या गुरुवारी धाकट्या डॉक्टरबाईंची पाळी होती. ह्यांना त्याच तपासतात. मी मागचं टेबल पुसत होते. सहज पडद्याकडे पाहिलं आणि फडकं हातातच राहिलं. नाव ओळखीचं होतं. रोज हाताळते त्या पाकिटावरचं. ठोके आवरणारी छोटी पांढरी गोळी.

"झटक्यानंतर ही गोळी आपण वर्षानुवर्षं देत आलो," बाई सांगत होत्या. "आता कित्येक हजार रुग्णांचे दोन गट करून पाहिलं. घेणाऱ्यांना काही फायदा नाही. थोड्यांना तर उलट अपायच जास्त झाला."

"म्हणजे इतकी वर्षं आपण उगाच देत होतो म्हणा," मोठे डॉक्टर म्हणाले. कुणीतरी हसलं.

साडेआठ वाजले होते. मी चहाला गेले. परत आले तेव्हा पडदा बंद झाला होता आणि सुट्ट्यांवरून वाद चालला होता.

विचारायला हवं होतं. पण मागे एकदा मी असंच काही विचारलं, तर मोठे डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, तुम्ही चहा आणता की वर्ग भरता?" तेव्हापासून तोंड शिवलेलं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, विचारायचं काय त्यात? मी स्वतः वाचलं, स्वतः ऐकलं. बाई एवढ्या शिकलेल्या, त्या काय खोटं सांगतील? मी माझ्या हाताने ह्यांना चार वर्षं अपाय भरवत होते, हे मनातून जाईना.

संध्याकाळी डबा उघडला आणि एकेका कप्प्यातली पांढरी गोळी काढली. कागदात गुंडाळून ह्यांच्या ब्रशांच्या डब्यामागे ठेवली.

शुक्रवारी हे म्हणाले, "आज अंगात जोर वाटतोय गं." शनिवारी दोन जिने न थांबता चढले. मला हायसं वाटलं. कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं, पण सांगितलं नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर हे ब्रश धुवायला बसले. पाण्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर ह्यांचा चेहरा राखेसारखा, हात छातीवर.

"काय होतंय?"

"छातीत कुणीतरी पत्रा वाजवतंय."

मी हात ठेवला. हाताखाली जे काही धावत होतं ते हृदय वाटत नव्हतं. पिंजऱ्यातलं काहीतरी धडका देत होतं. शेजाऱ्याची गाडी काढून दवाखाना गाठेपर्यंत मी एवढंच म्हणत होते, श्वास घ्या, श्वास घ्या. हे म्हणाले, "अगं, घेतोय. तू घे."

नेमक्या धाकट्या बाईच कामावर होत्या. तारा लावल्या. पडद्यावर आकडा आला, एकशे अठ्ठेचाळीस. आकडे मला अक्षरांच्या आधीपासून येतात.

"काका, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

"एकही चुकवली नाही. बायको दवाखान्यात आहे माझी, चुकवायची बिशाद आहे का! हिला विचारा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. नर्सला म्हणाल्या, "गोळी चालू असून ठोके असे पळतायत, म्हणजे आत नवीनच काहीतरी झालंय. मोठ्या सरांना फोन लावा. नळी घालून तपासायच्या खोलीत घ्यायची तयारी ठेवा."

बोलले तर नोकरी जाईल, आणि ह्यांच्यासमोर बोलावं लागेल. नाही बोलले तर ह्यांना चाकांवर घालून त्या दाराच्या आत नेतील, नसलेलं दुखणं शोधायला. पलंगाच्या चाकांचा ब्रेक सोडल्याचा आवाज आला तेव्हा मी त्याची दांडी धरली.

"बाई, पांढरी गोळी चालू नाही. मी काढून टाकली. गुरुवारपासून."

"का?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी?"

"बैठकीत. फायदा नाही, अपाय होतो म्हणून."

बाईंनी नर्सला हातानेच थांबवलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चहाला केव्हा गेलात?"

"नेहमीसारखी. साडेआठला."

"अरे देवा." त्यांनी कपाळाला हात लावला. "नेमका कुणाला फायदा नाही, ते मी साडेआठनंतर सांगितलं हो. ज्यांच्या हृदयाचा जोर शाबूत आहे, त्यांच्यासाठी होतं ते. काकांचा जोर अजून बराच कमी आहे. त्यांना ही हवीच. आणि ही गोळी कुणाचीच अशी एकदम तोडत नाहीत. दावं तुटल्यासारखं हृदय उधळतं."

नर्सला त्यांनी दुसरं काहीतरी सांगितलं. सुईतून औषध गेलं. मी आकडा वाचत राहिले. एकशे चाळीस. एकशे एकतीस. पुन्हा एकशे छत्तीस. तासाभराने शंभराच्या खाली आला.

ह्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "रागवा. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"तुम्ही तरी बघायचं होतं, डब्यात चार आहेत की पाच."

"बघितलं की. शुक्रवारीच. चार होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दिल्यास, घेतल्या."

एकशे अठ्ठेचाळीस पाहूनही मी इतकी घाबरले नव्हते. मी तीन दिल्या असत्या, दोन दिल्या असत्या, तरी ह्यांनी पाण्याबरोबर घेतल्याच असत्या.

संध्याकाळी बाई येऊन स्टुलावर बसल्या. आता कानउघाडणी होणार म्हणून मी उभी राहिले.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "मावशी, दर आठवड्याला नवीन काहीतरी येतं. मी जेवताना वाचते, बसमध्ये वाचते, तरी पुरं पडत नाही. मलाही धास्ती असते, की कुणाला तरी मी जुनंच देतेय." मग म्हणाल्या, "सहा महिन्यांनी काकांच्या हृदयाचा जोर पुन्हा मोजू. पुरता सुधारला असेल, तर कदाचित हीच गोळी मी बंद करीन. हळूहळू."

"म्हणजे मी केलं ते तेव्हा बरोबर ठरेल?"

"तेव्हा ठरेल. आज तुमच्या हातून काका गेले असते."

त्यांनी ते मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

पुढच्या गुरुवारी मी खुर्च्या मांडल्या. आठला बैठक सुरू झाली, साडेआठ वाजले, मी जागची हलले नाही.

"मावशी, चहा?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"ऐकून आणते, साहेब."

दोघे-तिघे हसले. धाकट्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपली वही उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली.

तेवढ्यात पडद्यावर पुढचं नाव आलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. ह्यांची गुलाबी गोळी होती.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि बसले.